पान ४१ वरची चौकट

९ जून, सोमवार
बारावी फिजिक्सची बॅच मला की निशिगंधा मॅडमना, ते रविवारी पालकांसमोरच्या डेमोवर ठरेल, असं क्लासचे मालक गणपतराव म्हणाले. म्हणजे मलाच. राजारामपुरीत अठरा वर्षं सर्किट शिकवतोय. फळ्यावर. रविवारी खरे बल्ब लावणार. एक चाळीस वॅटचा, एक शंभरचा. आधी पॅरलल, मग सिरीज. दोन्हीकडे शंभरचाच जास्त उजळ. माझ्या नोट्स, पान ४१, चौकटीत.

११ जून
कबनूरचा वायरमन सम्मेद बोर्ड जोडून गेला. एक बटण पॅरललचं, दुसरं सिरीजचं. पॅरलल उत्तम. सिरीजमध्ये म्हणे चाळीसचा पेटतो, शंभरचा नुसता लालसर. जोडणी चुकली असणार. परत जोडायला लावलं. तेच. बल्ब खराब.

१२ जून
नवा बल्ब. तेच. जागा बदलायला सांगितल्या. शंभरचा आधी, म्हणजे करंट त्याला आधी मिळेल. सम्मेद म्हणाला, पंगत हाय व्हय सर, आधी बसंल त्याला जास्त? दोघांतनं एकच करंट जातोय की. यंत्रमागावरचा माणूस. थिअरी नाही. सोडून दिलं.

१४ जून, सकाळ
होल्डर बदलले, शंभरचे आणखी दोन बल्ब लावून पाहिले. तेच. निशिगंधा मॅडम दारातून बघून गेल्या. त्यांना कळलेलं नसावं.

संध्याकाळ
निर्णय: फक्त पॅरलल दाखवायचं. ही पळवाट नव्हे. वेळेचं नियोजन.

१५ जून, दुपार
पॅरलल झालं. दोघांना २३० व्होल्ट, शंभरचा लखलखीत. टाळ्या. आवरतं घेणार तोच पिराजीराव नावाचे एक पालक म्हणाले, सर, ते दुसरं बटण ऱ्हायलं की. वेळ संपली, म्हणालो. ते म्हणाले, आमाला कुठं गडबड हाय? त्यांच्या मुलीने, अनुजाने, माझ्या नोट्स उघडून पान ४१ मोठ्याने वाचलं. सगळे बोर्डाकडे बघत होते. बटण दाबलं.
चाळीसचा पेटला.
बल्ब खराब आहे, म्हणालो. मागून सम्मेद म्हणाला, चौथा हाय सर.

१६ जून
बारावी निशिगंधा मॅडमना. मला पाचवीची स्कॉलरशिप, विषय बुद्धिमत्ता चाचणी. तात्पुरतं आहे, असं गणपतराव म्हणाले नाहीत, पण सूर तसा होता.

रात्री रेझिस्टन्स काढले. चाळीसचा १३२२ ओहम, शंभरचा ५२९. करंट दोघांत एकच, म्हणून व्होल्टेज जास्त चाळीसवर. पाच ओळींचं गणित.
दुसऱ्या पेनाने सोडवून पाहिलं.
तेच.