तुझ्या चार नळ्या आणि तुझी ताई

चि. मेहुणेबुवास अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे, दुकानात दुरुस्तीला रेडिओ येतात की नुसते गप्पा मारणारेच येतात, ते कळव. आमच्याकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

भंगारातल्या मोजयंत्रातून काढून तू दिलेल्या त्या चार नळ्यांचं घड्याळ मी पुरं केलं. (एकेका नळीत तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे, ज्याला वीज द्यावी तोच नारिंगी उजळतो. वीज पावणेदोनशे व्होल्ट आहे, हे मला माझ्या कोपराने सांगितलं.) मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम लिहिला, तारा तुझ्या आकृतीबरहुकूम जोडल्या आणि बटण दाबलं, तर सकाळी सात चाळीसला हे घड्याळ म्हणतंय चौदा एकाहत्तर. शून्याच्या जागी एक, चाराच्या जागी सात. पहिला संशय तुझ्यावर गेला. राग मानू नकोस, दुसराही तुझ्यावरच होता. फुकट मिळालेल्या वस्तूत काहीतरी काळंबेरं असायचंच.

तिसरा तुझ्या ताईवर. भिंतीवरचं जुनं घड्याळ मी मोठ्या तोऱ्यात उतरवलेलं, मोबाईल तिच्या पर्सच्या तळाशी, आणि तरी ही बाई रोज बरोब्बर सव्वासातला बाहेर पडून सात वीसची ऑफिसची बस गाठते. चुकीच्या घड्याळावर बरोबर वेळ कशी कळते? तिने मनगटी घड्याळ लपवलंय असं वाटून मी पर्सला कान लावला, तेवढ्यात ती मागे येऊन उभी. म्हणाली, "अहो, प्रत्येक आकडा अकरातून वजा करायचा. दहा आले की शून्य, अकरा आले की एक. अठरा दिसलं म्हणजे तीन मिनिटं. महिनाभर तसंच बघतेय मी."

महिनाभर! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी, कोणाला न सांगता, मी प्रोग्राममध्ये आकडे सरळ केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केस विंचरताना एकदाच मान वर करून नुसती मिनिटं पाहिली. घड्याळात खरेखुरे अठरा होते. ती तीन समजून निवांत वेणी घालत बसली. बस गेली. ऑफिसच्या किल्ल्या तिच्याकडे, त्यामुळे साहेबांसकट बारा माणसं पायरीवर बसून होती. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. आज तिसरा दिवस. घर खायला उठतं रे.

तुझा,
ताईचे हे

ता. क. : तुझ्या आकृतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नळी खालून पाहिल्यास' असं लिहिलेलं आज दिसलं. मी वरून पाहून जोडणी केली, म्हणजे डावं-उजवं उलटं झालं. हा विषय वाढवू नये.

ता. क. २ : खरं काम असं. जुन्या नळ्या लहरी असतात, आपोआप सुधारतात, असं ताईला कळव. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.

ता. क. ३ : पाकिटासाठी डिंक शोधत होतो. डबी पुढे करत ती म्हणाली, "त्याला खोटं लिहायला लावू नका. परवाच फोनवर सगळं सांगितलंय मी त्याला." बोलली! मला भरून आलं. तेव्हा वरचं काम रद्द. मात्र परवा तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय काय बोललात, ते उलट टपाली सविस्तर कळव.