बरी आहे तोवर

प्रिय किनांती,

तिकडे जपानात, नागोयात आता थंडी पडली असेल. इथे इंडोनेशियात, आपल्या सोलोत उकाड्यानं जीव नकोसा झालाय. मी फोनवर तुला सगळं सांगते असं तुला वाटतं. पण तुझा चेहरा समोर आला की माझी जीभ भलतीकडेच वळते आणि मी मांजरीच्या खोड्या सांगत बसते. म्हणून हे पत्र.

आतड्यातली गाठ काढली, आजूबाजूला पसरली नव्हती, एवढं तुला ठाऊक आहे. ते खरंच आहे. जखम भरलीय, भूक लागते. परवा बाजारातून नारळाच्या दुधातला भात आणला. सवयीनं दोघींपुरता आणला आणि एकटीनं संपवला.

काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवू का, असं डॉक्टर प्रमेस्तींनी तेव्हाच विचारलं होतं. मी हो म्हटलं, वर जे निघेल ते मलाही सांगा म्हटलं. मागच्या आठवड्यात त्यांनी बोलावलं. तुझ्याच वयाची पोर, सगळ्या म्हाताऱ्या पेशंटना आई म्हणते. बोलताना नजर मात्र टेबलावर. "आई, पेशीतले काही आरएनए प्रथिन बनवायचा निरोप नेतात, काही प्रथिन बनवतच नाहीत, बाकीच्यांच्या कामावर ताबा ठेवतात. त्यातला एक आम्ही मोजतोय. गाठीत तो जास्त असला तर आजार परतायचा धोका जास्त दिसतो. तुमच्या गाठीत तो बराच जास्त आहे." मी विचारलं, "म्हणजे परत येणारच?" "नाही हो. शक्यता आहे, निकाल नाही. आमचा अभ्यास अजून चालूच आहे. एवढ्यावरून औषध बदलता येत नाही, पण तपासण्या चुकवू नका." मग म्हणाली, "घरी कोण असतं?" मी म्हटलं, "मुलगी आहे." कुठे आहे ते नाही सांगितलं.

शेजारच्या काढेवाल्या तुगियेमला हे सांगितलं, तर म्हणते, "प्रथिन बनवत नाही? मग दिवसभर करतो काय?" म्हटलं, बाकीच्यांनी कसं वागायचं ते ठरवतो म्हणे. "अगं बाई, हा तर आमचा म्हातारा!" पोटावरचा व्रण ताणला जाईपर्यंत हसलो. ती गेल्यावर मात्र घर खायला उठलं. रेडिओ लावला, तोही नको झाला.

विचित्र असतं गं हे. धड आजारी नाही, धड बरी नाही. आजाऱ्याकडे लोक फळं घेऊन येतात. नुसती शक्यता घेऊन बसलेल्या बाईकडे कोण येणार?

तू तिथे परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतेस, भरवतेस. मला त्याचा अभिमान आहे. टोमणा समजू नकोस. तू नेहमी म्हणतेस, "आई, काही झालं तर पहिल्या विमानानं येते." बाबांच्या वेळीही तू पहिल्याच विमानानं आलीस. विमानतळावरून थेट कब्रस्तानात. तुझा काय दोष? विमान तरी किती पळणार!

तेव्हा काही होण्याची वाट पाहू नकोस, पोरी. आज मला काहीही झालेलं नाही. पायांत जोर आहे, बाजारात तुझ्याबरोबर हिंडता येईल, तुझ्या केसांना तेल चोळता येईल. सेवा करायला येऊ नकोस, ती तू रोजच करतेस. सुट्टी मिळाली की नुसती ये. मला तुला माझ्या हातचं खाऊ घालायचंय.

तुझीच,
आई