पेपरच्या दिवशी घोरणाऱ्या उमेंद्रले

उमेंद्र,

वर्गात बसून काय भेटते आजी, पेपर देला का झालं, असं तू तीन वर्षं मलेच शिकवलं. आज तुहा शेवटचा पेपर. अन् तू रातभर मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहून आला, आता भर दुपारी घोरून राहिला! आम्ही समजलो, तू पेपरसाठी गोंदियाले गेला. खळ्यावरच्या माणसांसाठी भात न्याले घरी आली, तवा तुले खाटेवर पाहिलं. उठवलं नाही. पेपर सुटल्यावर उठून काय करशीन?

रेणू तुह्यापेक्षा हुशार. पण कॉलेजात जायाले घरात गाडी एकच, म्हणून बारावीनंतर तिले घरी बसवलं. सकाळपासून धानाचे भारे वाहून राहिली, अन् मलेच विचारते, "दादाले पेपर सोपा गेला असंन का?" काय सांगू तिले?

तुह्या वाट्याचा भात चुलीपाशी झाकला आहे. जेवून खळ्यावर ये. गाडीची चाबी शोधू नको, ती रेणूपाशी राहीन.

निघताना मी तुह्या उशापाशी उभी राहून मोठ्यानं बोलली. तू कूस बदलली, म्हणून लिहून ठेवते: "बाबू, आता तू घरी बस. कॉलेजात रेणू जाईन."

आजी