माफीचे दिवस

दुर्गेश्वरी,

मी तुले खोटं सांगितलं. अलग कोठडीतल्या कैद्याले शिक्षेत माफी भेटत नाही, हा नियम दिवाळीतच बदलला. जेलर साहेब म्हणाले, "कोठडीत बसून लिफाफे चिकटव, दिवस कमी होतील. पोरीच्या लग्नाले घरी राहशील."

मीच नाही म्हणलो. नीतूचं कन्यादान माझ्या भावानं करावं, असं व्याह्यानं आधीच ठरवलं होतं. ते सांगताना तू माझ्याकडे पाहत नव्हती. मांडवात मी कुठं उभा राहू?

काल भेटीत तू साहेबाच्या पाया पडली. "नियम बाजूले ठेवा, यायले लग्नापुरतं सोडा." साहेब माझ्याकडे पाहत राहिले. त्यायनं खरं सांगू नये म्हणून मी जाळीमागून हात जोडले.

तुले वाटलं, मीही तुझ्यासंग विनवून राहिलो.

हे पत्र तुले न देणारा,
मनिराम