ढेकूळ बँडला मामी हव्यात

ती. स्व. दिनकरमामांस मुंजाजीचा साष्टांग नमस्कार.

गंगाखेडला थंडी कशी आहे, गुडघा काय म्हणतो? कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजताना मफलर गुंडाळत जा. म्हैस पुन्हा पूर्वीसारखं दूध देते आहे, हे आधीच कळवतो, कारण तिच्यावरूनच तुम्ही माझा फोन उचलणं बंद केलंत. म्हणून हे पत्र.

आमच्या 'ढेकूळ' बँडबद्दल तुमच्या कानावर भलतंसलतं आलं आहे. खरा इतिहास असा. चार वर्षांपूर्वी मी, धम्मदीप आणि योगीराज इंग्रजी रॉक गात होतो (अर्थ तिघांनाही ठाऊक नव्हता, पण चेहरे बरोबर जमायचे). पाथरीच्या एका गॅदरिंगमध्ये माइक दुरुस्त होईपर्यंत थांबा, असं आम्हाला सांगण्यात आलं. माइक चांगला होता. मग पुण्याच्या एका जाणकाराने सल्ला दिला, मुळांकडे जा. आता आमच्यासारख्या मानवतच्या माणसाने मुळांकडे जायचं म्हणजे कुठे? आम्ही घरीच तर बसून होतो. तरी गेलो. योगीराजने वडिलांच्या लग्नातल्या बँडचा ढोल आणला, मी धोतर नेसायला शिकलो (यूट्यूबवरून), धम्मदीपने पिठाच्या गिरणीचा आवाज गाण्यात घातला. जाणकार म्हणाला, अजून माती कमी पडते.

म्हणून तुमच्या शेतातल्या आखाड्यावर, थेट गोठ्याला लागून, तालीम सुरू केली. तिसऱ्या दिवशी म्हशीने दूध चोरलं. मामी तरातरा आल्या आणि चालू गाण्यात उभ्या राहून त्यांनी साडेचार मिनिटं आमचा उद्धार केला. योगीराज घाबरून ढोल थांबवायचं विसरला. रेकॉर्डिंग चालूच होतं, आणि धम्मदीपने घाईत नेमकं तेच पुण्याच्या एका महोत्सवाला धाडलं. उत्तर आलं की निवड झाली, 'भूमीचा आदिम हुंकार' ऐकून परीक्षक गहिवरले, त्या गायिकेला अवश्य आणा.

खरं सांगतो मामा, ते पुन्हा ऐकलं आणि मला लाज वाटली. चार वर्षं आम्ही जे शोधत होतो ते मामींच्या एका दमात होतं. आणि हा कार्यक्रम पडला तर बँड संपला. धम्मदीप एक तारखेपासून कंपनीत जाईल, आणि सुरात असा आमच्यात तो एकटाच आहे.

मामी लगेच तयार झाल्या. अडचण तिथेच आली. नवी साडी नेसून त्या माइकसमोर उभ्या राहतात आणि आम्हाला चहा घेतला का विचारतात. जरा रागवा म्हटलं तर म्हणाल्या, "राग काय नळाला येतो का रे, तोटी फिरवली की? आता तुमी लय गुणाची लेकरं दिसायलाव." जाणकार तालमीला आला होता. तो म्हणाला, बाई शहरी वाटतात.

तरी येत्या रविवारी मामींना पुण्याला न्यायची परवानगी द्यावी, एवढंच मागणं.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
मुंजाजी

ता. क. परवानगीचं निव्वळ रीत म्हणून लिहिलं. मामी विचारू नको म्हणाल्या होत्या. खरी विनंती वेगळी आहे. त्यांना राग यावा म्हणून आज सकाळी मी त्यांना सांगितलं, की कारखान्याच्या मेसमधली वांग्याची भाजी घरच्यापेक्षा सरस असते, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. (माफ करा, दुसरं काही सुचलं नाही.) मामा, काय आवाज लागला! माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा रविवारपर्यंत हे खोटं असल्याचं त्यांना कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. तालीम अर्धी टाकून मामी आत्ताच गंगाखेडच्या गाडीत बसल्या. पत्र त्याच गाडीचा कंडक्टर बालाजी याच्या हाती देतो आहे. तो तुमच्याच गल्लीतला, मामी स्टँडवर उतरून रिक्षा बघेपर्यंत पळत पुढे येईन म्हणाला. वाचून झालं की आधी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मगच दार उघडा.