तुझ्या पिक्चरचा शेवट

आई, आज दुपारी परत तोच पिक्चर लावला. तुझा, नावाड्याचा. कालही हाच होता, परवाही हाच. माझ्या पोरीने फोनवर शोधून टीव्हीला जोडून दिलाय, आता एक बटण दाबलं की सुरू. तुझ्या वेळी तो टीव्हीवर कधी लागेल याची वाट बघावी लागायची. लागला की शेजारच्या काकू मधल्या भिंतीवर लाटणं आपटायच्या, आणि तू चील्याचं, तांदळाच्या धिरड्याचं, पीठ तसंच झाकून उंबऱ्यात येऊन बसायचीस. पुढच्या खोलीत येऊन ऐसपैस कधी बसली नाहीस. उंबऱ्यातून तुला गॅसही दिसायचा आणि पिक्चरही. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि निवडायचं सोडून हात नुसता तांदळात ठेवलेला. मागून मालगाडी गेली की अर्धे डायलॉग वाहून जायचे, पण तुला त्याची फिकीर नसायची. तुला शेवट ऐकू आला म्हणजे झालं.

पिक्चर तसा साधाच. नदीकाठचा एक नावाडी, त्याची एकुलती एक मुलगी भांडून शहरात निघून जाते. घाटावर लागणाऱ्या प्रत्येक नावेत तो तिला शोधत राहतो आणि शोधता शोधता म्हातारा होतो. शेवटी डोळेही गेलेले, अंगणात खाटेवर पडलेला असतो. फाटक वाजतं. तो मान उचलून विचारतो, "आई?" म्हणजे हिंदीत, आली का ती? उशाशी बसलेला त्याचा जुना सोबती म्हणतो, "हवा है।" म्हातारा डोळे मिटतो, पिक्चर संपतो. या जागी काकू पदरात तोंड खुपसून रडायच्या. बाबा उगाच पेपर उचलायचे. आणि तू मात्र हसायचीस. डोळे ओले असायचे, पण चेहरा असा, की कोणीतरी सुखरूप घरी पोचलंय.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. तू वर्ध्याकडून लग्न होऊन इथे छत्तीसगढी मुलखात आलीस तेव्हा तुला हिंदी येत नव्हतं, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांकडून पहिला शब्द शिकलीस तो "हव", म्हणजे हो. भाजीवाली असो की बाबांचा शेठ, तुझं एकच उत्तर, हव. तर म्हाताऱ्याने "आई?" म्हटलं, ते तू आई असंच ऐकलंस. मरताना माणूस आईला हाक मारतो, यात तुला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आणि सोबत्याचं "हवा है" तू ऐकलंस, "हव, आहे." हो, आहे ती इथेच. हिंदी पिक्चरमधला माणूस अर्धं छत्तीसगढी आणि अर्धं मराठी कसं बोलेल, हा प्रश्न तुला पडलाच नाही, कारण तू स्वतः तशीच बोलायचीस.

शाळेत हिंदीत चांगले मार्क पडायला लागल्यावर मी तुला समजावून सांगितलं होतं, आठवतं? "आई, तो पोरीबद्दल विचारून राहिला. अन् कोणी आलं नाही तिथं, नुसती हवा आहे." तू तव्यावरचा चीला उलटवत होतीस. उलथनं तसंच हातात धरून वळलीस. "तुले काहून इतकी घाई पडली वं, त्या बुढ्याले एकटं माराची? मले जे ऐकू आलं ते आलं. तुह्या पिक्चरमधी नसंन आली कोणी. माह्या पिक्चरमधी आहे ते." बाबा पेपरमागून म्हणाले, "ऐकून घे. इच्या पिक्चरचा शेवट हेच ठरवते." आणि तू मला तो चीला वाढलास, कडेने जरा करपलेला, तो राग म्हणून की लक्ष नव्हतं म्हणून, कोण जाणे. बाबांनी मात्र तुझी चूक कधी दुरुस्त केली नाही. उलट काकूंसमोर कोणी तुला तो शेवट समजवायला लागलं की ते विषय बदलायचे.

ते बाबा आता मला ओळखत नाहीत, आई. पंडरी बाजारातल्या कापडाच्या दुकानात जन्म गेला त्यांचा, तेवढं हातात उरलंय. चादरीची कड अंगठ्यात आणि बोटात धरून चोळतात आणि सांगतात, "माल हल्का है." मला ते दीदी म्हणतात. "दीदी, पानी मिलेगा?" मी देते. ह्यांची बदली बस्तरकडे झालेली, पोरगी इथल्याच कॉलेजला, म्हणून मी तुझ्याच घरी राहायला आले. दिवस कसाही निघतो, पण ऊन उतरलं की बाबा कासावीस होतात. फाटकापाशी जाऊन उभे राहतात, तुझी वाट बघतात. सुरुवातीला मी खरं तेच सांगत होते, "बाबा, आई गेली, किती वर्षं झाली." ते पायरीवर बसून रडायचे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. "मले काहून नाही सांगितलं कोणी?" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत फाटक, परत तेच. रोज संध्याकाळी तू नव्याने मरायचीस, आणि ती बातमी द्यायला रोज मीच. डॉक्टर म्हणाले, "झूठ बोलने को नहीं कह रहा, पर हर बार सच बोलना भी ज़रूरी नहीं." मग काय बोलू, ते त्यांनी सांगितलं नाही. खरं सांगू, मी फार थकलेय. झोपून जाणारा थकवा नाही हा. त्यांना काय उत्तर द्यायचं याचा थकवा.

तेव्हा पोरीने तो पिक्चर लावून दिला. बाबा गप बसले, शेवटपर्यंत. तेव्हापासून रोज चालू आहे. पोरगी वैतागते, "मम्मी, नाना को फिर वही पिच्चर? मैं तो नींद में भी डायलॉग बोल दूँ." पण शेवट जवळ आला की तीही दारात येऊन उभी राहते.

मग एका संध्याकाळी वाऱ्याने फाटकाची कडी वाजली आणि बाबांनी मान उचलली. "आई?" कोणत्या भाषेत विचारलं ते मला कळेना. दुकानातल्या हिंदीत तुझ्याबद्दल विचारत होते, आली का म्हणून? की स्वतःच्या आईला हाक मारत होते? "हवा है" आणि "हव, आहे", दोन्ही उत्तरं माझ्या जिभेवर होती आणि उच्चारात तर फरकही फारसा नाही. मी म्हणाले, "हव, आहे." बाबा लगेच खुर्चीत मागे टेकले. "मंग चाय मांड म्हणा तिले." म्हणजे तुझ्याबद्दलच होतं. मी चहा मांडला. एक घोट घेऊन म्हणाले, "साखर कमी टाकली इनं." इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. तेव्हापासून रोज हेच उत्तर देते. चहाला रोज नावं ठेवतात, आणि ती मी मुकाट्याने तुझ्या नावावर घालते.

आज दुपारी मी सदर बाजारातून उन्हात आले होते. त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले आणि पिक्चर चालू असतानाच डोळा लागला. शेवटी ते फाटक वाजलं, पिक्चरमधलं की आपलं, ते अर्धवट झोपेत कळलं नाही, आणि म्हाताऱ्याच्या आधी मीच विचारलं, "आई?" माझं हिंदीत नव्हतं ते. डोक्यावर हात आला. बोटांनी माझ्या ओढणीची कड धरली, अंगठ्याने चोळली. माल हलका आहे म्हणतील असं वाटलं. बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "हव, आहे. आहे वं पोट्टे."

चहाच्या वेळी मी परत दीदीच होते. साखरही कमीच होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. एवढंच कबूल करते, की बाबांनी सांगितलं तेव्हा मी वळून उंबऱ्याकडे बघितलं.