ओल्या भिंतीवर आजीची साडी

अक्षदा,

सामान न्यायला टेम्पो घेऊन या, असं तू फोनवर रडत म्हणालीस. मी टेम्पो न आणता एसटीने आलो. कॉलेजातून येऊन खोली बघशील तेव्हा घाबरू नको, चुकीच्या घरात शिरलेली नाहीस.

"भिंतीला खिळा नाही हां, आजोबा," म्हणत तुझ्या घरमालकीण वृंदाताई दारातच उभ्या होत्या. मग दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधली आणि ओल आलेल्या भिंतीपुढे आजीची हिरवी साडी सोडली. उशांचे अभ्रे उल्हासनगरच्या कटपीसचे. आंब्याची पेटी उलटी घातलीय, ते तुझं टेबल.

लग्नानंतर आम्ही उल्हासनगरात बराकीत राहायचो. अर्धी खोली माझ्या भावाची, अर्धी आमची, मध्ये हीच साडी. साडी टांगण्याआधी आजीसुद्धा रोज गावी जायचं म्हणून रडायची. मग ती टांगली आणि म्हणाली, "आता घर वाटतं." एकदा ही साडी वाऱ्याने उडून मलंगगडावर गेली. तिथे एका माकडिणीने नेसली होती, मी केळी देऊन सोडवली. आजी म्हणायची, "काय थापा मारता हो!" पण हसायची.

आठ दिवस राहून बघ. तरी नकोच वाटलं, तर टेम्पो आणतो. फक्त माझ्यासाठी म्हणून शिक्षण सोडून येऊ नको. आजी गेल्यापासून घर इतकं मोठं झालंय, की रात्री खोकलो की आवाज सकाळी परत येतो. तेवढी सोबत पुरते मला.

तुझा आबा